आधी दोष बायकांना दिला, मग धर्मशास्त्राला, मग पाद्र्यांनाही सुनावलं. पंडिता रमाबाईंचे विचार आयुष्यभर कसे बदलत गेले?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना खोपोलीत शिळफाटा लागतो. तिथून पुढे गाडी बोरघाट चढायला लागते. हा घाट मराठी माणसासाठी आता वडापाव आणि ट्रॅफिक जॅमपुरता उरलाय. पण १८९० च्या नोव्हेंबरमध्ये हाच घाट ओलांडून एक अख्खी शाळा मुंबईहून पुण्याला गेली होती. शाळा विधवा मुलींची होती. ती काढणारी बाई स्वतः विधवा, हातात नऊ वर्षांची मुलगी, डोक्यावर संस्कृतची पंडिता ही पदवी आणि गळ्यात क्रॉस.

शाळेचं नाव शारदा सदन. बाईचं नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंबद्दल आपल्याकडे दोन ठरलेल्या गोष्टी सांगितल्या जातात. एका गोष्टीत त्या कोलकात्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या विदुषी असतात. दुसरीत त्या धर्म बदललेल्या मिशनरी बाई असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्ही अर्ध्या आहेत. कारण २४ वर्षांच्या रमाबाई, २९ वर्षांच्या रमाबाई आणि ४० वर्षांच्या रमाबाई एका खोलीत बसल्या असत्या, तर त्यांचं एकमेकींशी कडाक्याचं भांडण झालं असतं.

तर सुरुवात करू जंगलापासून.

बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जाब द्यावा लागला

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. आज हा भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकवायचे. ते पाहून अनंतशास्त्रींच्या डोक्यात बसलं, की आपल्या घरातली बाईही शिकली पाहिजे. पहिल्या बायकोच्या वेळी ते जमलं नाही. दुसरी बायको लक्ष्मीबाई, लग्नात नऊ वर्षांची आणि नवरा चाळिशी ओलांडलेला. तिला मात्र त्यांनी शिकवलं.

इथे एक गंमत बघा. मुलीच्या शिक्षणासाठी आयुष्य पणाला लावणारा हाच माणूस नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला होता. त्या काळचे सुधारक असेच होते, एका बाबतीत काळाच्या पुढे आणि दुसऱ्या बाबतीत काळाच्या पोटात.

बायकोला देवभाषा शिकवली म्हणून शास्त्रींकडे धर्मपंडितांनी जाब मागितला. त्यांनी ग्रंथांचे आधार देऊन बाजू मांडली आणि मग रानात घर बांधून राहिले. पुढे कर्ज झालं, घर सुटलं, आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर जगायचं. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने, पहाटे उठवून, चालता चालता. भागवताचे हजारो श्लोक त्यांना लहानपणीच पाठ होते.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळाने माणसं मरत होती, तेव्हा हे कुटुंब भिक्षा मागायचं नाही आणि मजुरी करायची नाही, या दोन नियमांत अडकलं. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं बहुतेक पायी, उपाशीपोटी देशभर फिरले आणि १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले.

या उपासमारीची आठवण ठेवा. ती पुढे वीस वर्षांनी पुन्हा समोर येणार आहे.

पदवी मिळाली आणि श्रद्धा गेली

कोलकात्यात पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी रातोरात देशभर प्रसिद्ध झाली. पण खरी घडामोड सभेच्या बाहेर होत होती.

पडद्यातल्या बायकांना स्त्रीधर्मावर व्याख्यान द्या, असं त्यांना सांगितलं गेलं. म्हणून त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ नीट वाचायला बसल्या. तोवर पुराणं पाठ होती, पण स्मृती अशा रांगेने वाचल्या नव्हत्या. वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की हे ग्रंथ एकमेकांशी जवळपास प्रत्येक मुद्द्यावर भांडतात, पण बाई आणि शूद्र यांच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. बाईला स्वतःचा मोक्षसुद्धा नाही, तो नवऱ्याच्या सेवेतूनच मिळायचा. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली. बाईने वेद वाचू नये असा नियम माहीत असूनही त्यांनी तो वाचला.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यांची जात शूद्रांत मोजली जायची. म्हणजे एकाच लग्नात जात, प्रांत आणि विधी तिन्ही मोडले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने बिपिनबिहारी गेले.

वय २३, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, माहेर नाही, सासरही नाही. रमाबाई पुण्याला आल्या.

१८८२: बायकांनो, तुम्ही सुधारा

पुण्यातल्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुराण-कीर्तनाच्या निमित्ताने घरातल्या बायका जमायच्या आणि त्यात शिक्षण, बालविवाह हे विषय यायचे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडेही त्यात होत्या. नगर, सोलापूर अशा गावांत शाखा निघाल्या.

त्याच वर्षी त्यांचं ‘स्त्री-धर्मनीती’ हे मराठी पुस्तक आलं. आज ते वाचणाऱ्याला धक्का बसतो. भाषा संस्कृतने जड. सूर असा, की बायका अज्ञानात आहेत, आळसात वेळ घालवतात, त्यांनी स्वतःला सुधारलं पाहिजे. शिका, स्वतःच्या पायावर उभ्या राहा, वयात आल्यावर पारखून नवरा निवडा, आणि मग त्याची मनापासून सेवा करा, घर नीट ठेवा. आदर्श सीता-सावित्रीचे. धर्मशास्त्रावरचा विश्वास उडालेल्या बाईने हे लिहिलं होतं!

योगायोग असा, की याच १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झालं. त्यात ताराबाईंनी थेट पुरुषांना धारेवर धरलं होतं. त्या एका वर्षापुरतं बोलायचं तर बंडखोर ताराबाई होत्या, रमाबाई नाही.

पण याला दुसरी बाजूही आहे. रमाबाईंना इंग्लंडला जायचं होतं आणि पैसे या पुस्तकाच्या विक्रीतून उभे करायचे होते. विकत घेणारे कोण, तर सुधारक पुरुष आणि सरकारी शिक्षण खातं. नवरा गमावलेल्या, जातीबाहेर लग्न केलेल्या तरुण बाईला पुण्यात टिकायचं होतं. त्यामुळे पुस्तकातलं किती मनापासूनचं आणि किती सावधपणाचं, याचा हिशोब लावणं अवघड आहे. कारण त्याच सप्टेंबरमध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांचा सूर बराच वेगळा होता. शिकलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांचा बाईच्या शिक्षणाला विरोध असतो, असं त्यांनी तिथे स्पष्ट सांगितलं. मुलींसाठी बाई शिक्षक हवेत आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हवेत, पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वाटते म्हणून बायका मरतात, हेही सांगितलं.

धर्म बदलला, पण मान झुकवली नाही

१८८३ मध्ये रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, डॉक्टर व्हायला. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वाँटिज या गावी सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मागे पडलं. आनंदीबाई भगत यांनी तिथेच आपलं जीवन संपवलं. आणि २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई व मनोरमा यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पुण्यात आग लागली. आपल्या धर्माची विदुषी पळवून नेली, असा सूर निघाला. जोतीराव फुले मात्र रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. बाई जर धर्मग्रंथ वाचून शहाणी झाली आणि मग तिने तो धर्म सोडला, तर दोष ग्रंथाचा की बाईचा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

रमाबाईंना त्या धर्मात नेमकं काय दिसलं? त्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे, की लंडनजवळ फुलहॅम इथे जोगिणी चालवत असलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने टाकलेल्या, वाममार्गाला लागलेल्या म्हटल्या गेलेल्या बायकांना तिथे प्रेमाने ठेवून घेतलं जायचं. अशा बाईला शिक्षा सांगणारे ग्रंथ त्यांनी वाचले होते. तिला जवळ घ्या सांगणारा धर्म त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

म्हणजे धर्मांतराच्या मुळाशीही प्रश्न बाईचाच होता. आता यानंतर त्या मठाच्या आज्ञाधारक होतील असं सगळ्यांना वाटलं. तिथेच सगळे फसले.

येशू हाच देव आहे, देव एकात तीन आहे, या गोष्टी त्यांना पटेनात. त्यांनी आपल्या गुरू सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांमागून पत्रं लिहून वाद घातला. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथे मुलग्यांना शिकवायची वेळ आली तेव्हा बिशप मंडळींनी नको म्हटलं, हिंदुस्थानात लोक काय म्हणतील याची काळजी त्यांना होती. रमाबाईंनी कळवलं, की हिंदुस्थानात त्या पुरुषांच्या सभांपुढे बोलल्या आहेत आणि तिथे त्यांना कुणी अडवलं नव्हतं. अंडं घातलेला पदार्थ खायलाही नकार. ख्रिस्ती झाले तरी शाकाहारीच राहीन! ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवली ती दुसऱ्या पुरोहितांपुढे वाकवायला नाही, असा त्यांच्या पत्रांचा एकूण अर्थ होता.

१८८७: दोष बायकांचा नाहीच

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरकीची पदवी मिळण्याचं. काही आठवड्यांसाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. आनंदीबाई पुण्याला परतून १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या.

त्याच १८८७ मध्ये रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक आलं, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’. आईला अर्पण केलेलं. ‘स्त्री-धर्मनीती’ शेजारी ठेवून वाचलं तर एकाच बाईने पाच वर्षांच्या अंतराने लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. बायका आळशी आहेत वगैरे गायब. मुलगी जन्मली की घरावर पसरणारं सुतक, जनगणनेत कमी पडणाऱ्या मुली, बालविवाह, नवऱ्याची मालकी, विधवेचं केशवपन, हे सगळं एकाला एक जोडून त्यांनी दाखवलं. बाईची ही अवस्था तिच्या स्वभावाने झालेली नाही, ती नियम करून घडवली आहे, हा मुद्दा. शिवाय इंग्रज सरकारही सुटलं नाही. रखमाबाईंना नको असलेल्या नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल त्याच वर्षी मुंबईच्या कोर्टाने दिला होता. सरकार आणि सनातनी एकमेकांना कसे सांभाळून घेतात, हे रमाबाईंनी त्यावरून दाखवलं.

मधल्या पाच वर्षांत काय झालं होतं? एक तर, पुण्याच्या वाचकाला सांभाळायची गरज संपली होती. दुसरं, त्यांनी अमेरिकेतल्या बायका पाहिल्या होत्या. संघटना काढणाऱ्या, दारूबंदीसाठी लढणाऱ्या, स्वतःची कॉलेजं चालवणाऱ्या. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत एक प्रवासवर्णन लिहिलं. त्यात कौतुक भरपूर, पण काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि तिथल्या मूळ रहिवाशांवरचे अन्याय यांवर टीकाही आहे. भारावून गेल्या, पण डोळे मिटले नाहीत.

पुस्तक हजारोंनी खपलं. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं.

सदन, वाद आणि रिकामी झालेली खोली

पहिल्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई. बालविधवा. याच गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, त्याच्या मागे हा धागा आहे.

सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. मुलींना आपापली पूजा-व्रतं करायची मोकळीक होती, सोवळ्याओवळ्याचे नियमही सांभाळले जायचे. सल्लागारांत रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं. पण रमाबाई स्वतः रोज प्रार्थना करायच्या, खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या.

शिवाय रमाबाईंमध्ये आणखी एक बदल होत होता. सदन पुण्याला आल्यानंतरच्या काळात त्यांना जाणवलं, की आपण ख्रिस्ती धर्म घेतला खरा, पण तो डोक्याने घेतला, ख्रिस्त काही भेटला नाही. वाँटिजमध्ये बुद्धीने वाद घालणारी बाई आता भक्तीकडे झुकली.

१८९३ मध्ये स्फोट झाला. मुलींना बाटवलं जातंय, असा ‘केसरी’ने हल्ला चढवला. सल्लागार मंडळाने राजीनामा दिला. वीसेक मुलींना पालक घेऊन गेले.

यात चूक कुणाची? रमाबाईंनी कुणावर सक्ती केल्याचं दिसत नाही. पण खाऊपिऊ घालणाऱ्या, शिकवणाऱ्या, आईसारख्या बाईच्या प्रार्थनेचं उघडं दार हे लहान मुलीसाठी नुसतं दार नसतं, हेही खरं. दुसरीकडे, ज्या मुलींसाठी एवढा गदारोळ झाला त्यांना परत नेऊन कुणी शिकवलं का, हा प्रश्न त्या वादात फारसा कुणी विचारला नाही.

मग आला दुष्काळ

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार म्हणून रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली होती. (हे दौंड तालुक्यातलं केडगाव, नगरजवळचं नव्हे.) फळबाग लावायची आणि सदनाचा खर्च काढायचा, एवढीच कल्पना होती.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रस्त्यावर टाकलेल्या मुली आणि त्यांना पळवायला टपलेले दलाल, या बातम्या येत होत्या. रमाबाईंनी स्वतः दुष्काळ भोगला होता. आई-वडील भुकेने गेलेले पाहिले होते. त्या निघाल्या आणि महिन्यांत सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या.

त्याच वेळी पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांची जी अवस्था होती त्याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून मुंबईच्या गव्हर्नरलाही अडचणीत आणलं. त्यांना सरकारधार्जिण्या म्हणणाऱ्यांना हे पत्र सहसा आठवत नाही.

केडगावच्या वस्तीचं नाव मुक्ती. आणि इथे रमाबाईंच्या विचारातला सगळ्यात मोठा बदल दिसतो, जो त्यांनी कुठल्या पुस्तकात मांडला नाही. १८८७ चं पुस्तक उच्चवर्णीय बाईबद्दल होतं, नावातच तसं होतं. शारदा सदनही मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी. मुक्तीत मात्र कुणबी, मजूर, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुली एका पंगतीत आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता दोन हजार बायकांचं रोजचं जेवण काढा म्हटल्यावर विचारही बदलतो. वाचन-लेखन होतंच, पण सोबत शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, शिवण, छापखाना. मजुरी करायची नाही म्हणून उपाशी राहिलेल्या शास्त्र्यांची लेक आता प्रत्येक मुलीला हाताचं काम शिकवत होती. फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, फुलहॅमला पाहिलेल्या घरासारखं. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीतून शिकवायला सुरुवात केली.

पण एक गोष्ट मोजून सांगितली पाहिजे. मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती घर होतं. शारदा सदनातला धर्माबाबत तटस्थ राहण्याचा करार इथे संपला होता. दुष्काळातून आलेल्या मुलीला निवड किती होती? स्वतःच्या सद्सद्विवेकासाठी बिशपशी भांडलेल्या रमाबाईंना हा प्रश्न पडला नसेल असं वाटत नाही. त्यांच्या लेखी ख्रिस्त हीच मोकळीक होती. आज वाचणाऱ्याला ते पुरेसं उत्तर वाटेलच असं नाही.

पुण्याच्या सुधारकांच्या जगातून त्या जवळजवळ पुसल्या गेल्या. स्त्रीमुक्तीच्या इतिहासातही त्यांची नीट दखल घेतली जायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांच्या अभ्यासामुळे त्या पुन्हा चर्चेत आल्या.

शेवटचं काम

उरलेल्या वर्षांत रमाबाईंनी एक वेगळाच नाद घेतला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायचं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कान जवळजवळ गेलेले, आणि या दोन नव्या भाषा शिकायच्या. आधीची भाषांतरं मुक्तीतल्या मुलींना कळत नाहीत, ती संस्कृत शब्दांनी भरलीत, ही त्यांची तक्रार होती. १८८२ मध्ये संस्कृतप्रचुर मराठीत बायकांना उपदेश करणारी पंडिता आता नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या मुलीला काय समजेल, हे बघून शब्द निवडत होती. संस्कृत येत नाही म्हणून नाही, संपूर्ण येतं म्हणून टाळत होती.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई चाळिशीत गेल्या. रमाबाईंच्या मागे मुक्ती सांभाळायची ती तीच, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानंतर रमाबाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावलाच त्यांचं निधन झालं.

बायबलचं छपाईचं काम मागे राहिलं होतं. ते मुक्तीच्या छापखान्यातच पुरं झालं. खिळे जुळवणाऱ्या, पानं लावणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या तिथल्याच बायका होत्या.